कारण सापडले नाही, की शोधलेच नाही?



दोन-तीन महिन्यांचे लेकरू रात्री दूध पिऊन झोपते आणि सकाळी उठत नाही. ताप नाही, खोकला नाही, कुठे पडले-झडले नाही. आपल्या वऱ्हाडात अशा घरी माणसे भेटायला जातात तेव्हा दारातच विचारतात, “काय झालं होतं वो लेकराले?” घरच्यांजवळ उत्तर नसते. मग ओसरीवर दुसरा प्रश्न हळू आवाजात फिरू लागतो. तो बाळाविषयी नसतो, आईविषयी असतो. अंगाखाली आलं असेल. बाळंतपणात काहीबाही खाल्लं असेल. तिन्हीसांजेला बाहेर नेलं असेल. कुणी तर तिला पांढऱ्या पायाची ठरवून मोकळे होते. चार दिवसांपूर्वी जिचे दूध बाळाच्या ओठी होते तीच आता सगळ्यांच्या नजरेपुढे आरोपी होऊन बसते, आणि तिची बाजू मांडायला कुणी नसते.

यात आपण ख्रिस्ती लोक वेगळे आहोत असे आम्हांला म्हणवत नाही. सटवीने कपाळी लिहिले होते असे आपण म्हणत नाही. पण ‘स्नानसंस्काराला उशीर केला म्हणून असे झाले’ हे वाक्य आपल्याही घरांतून ऐकू येते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक जन्मांध मनुष्य रस्त्यात भेटतो. शिष्यांना त्याच्या अंधत्वाचे दुःख नाही, पाप कोणाचे, त्याचे की आईबापांचे, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे आहे. प्रभू दोन्ही पर्याय बाजूला सारतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांकडे वळतो. हा प्रसंग आपण दर तीन वर्षांनी उपवासकाळात मिस्सामध्ये ऐकतो, आणि तरीही ओसरीवरचा प्रश्न काही बदलत नाही.

आज आपण विचार करू तो याच प्रश्नाचा. बाळ का गेले याचे कारण शोधणे, अगदी रक्ताच्या थेंबापर्यंत, पेशीपर्यंत, रेणूपर्यंत शोधणे, हे आपले कर्तव्य आहे काय? की देवाघरचे फूल देवाघरी गेले म्हणून स्वस्थ बसणे हीच खरी श्रद्धा?

डॉक्टरांच्या भाषेत आकस्मिक अर्भकमृत्यू नावाची एक गोष्ट आहे. हे नाव १९६९ साली अमेरिकेत ठरले. एक वर्षाच्या आतील बाळ अचानक दगावले, त्याचे पूर्ण शवविच्छेदन झाले, ते जिथे झोपले होते ती जागा पाहिली गेली, त्याच्या आजारपणाची सगळी हकिकत तपासली गेली आणि एवढे करूनही कारण मिळाले नाही, तरच हे नाव लावायचे, असा त्याचा अर्थ आज घेतला जातो. हे नाव म्हणजे अज्ञानाचीच कबुली आहे. पण ते तपास करून झालेल्यांचे अज्ञान आहे.

आता आपल्याकडे पाहा. खेड्यात किंवा शहरातल्या वस्तीत असे बाळ गेले, तर दुपारपर्यंत त्याला मातीही दिलेली असते. शवविच्छेदन नाही, जागेची पाहणी नाही, कुणी बसून आईला शांतपणे चार प्रश्न विचारलेले नाहीत. म्हणजे आपल्या बाळांना ‘कारण न सापडलेला मृत्यू’ हे नावसुद्धा लावता येत नाही. त्यांचे कारण शोधलेलेच नसते. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि त्या अंतरातच आईवरचा आळ वाढतो.

शोधले तर काय होते, हे पाहायला परदेशी जावे लागत नाही. आपल्याच विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५-९६ साली ३९ गावांत नवजात बाळांवर घरोघरी लक्ष ठेवले. गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बाया घरी जाऊन बाळाचा श्वास मोजत, वजन करत, सगळे लिहून ठेवत. ७६३ बाळांपैकी ४० बाळे पहिल्या महिन्यात गेली. त्या नोंदी नंतर नवजात बाळांच्या तज्ज्ञाने एकेक करून तपासल्या. निम्म्याहून थोडी जास्त बाळे जंतुसंसर्गाने किंवा न्यूमोनियाने गेली होती, आठ जन्मताच गुदमरून, सहा फार अपुऱ्या दिवसांची म्हणून. ज्यांचे कारण इतर किंवा अज्ञात म्हणून लिहावे लागले अशी फक्त चार उरली. चाळीस घरांत चाळीस वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या गेल्या असतील, कुणाची नजर लागली, कुणाला बाहेरची बाधा झाली. नोंदवही उघडली तेव्हा त्यातल्या बहुतेक गोष्टी गळून पडल्या. पुढे याच बायांनी घरीच उपचार सुरू केले आणि काही वर्षांत त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे काम १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, आणि २०११ पासून आशाताईंनी बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाण्याची जी पद्धत देशभर सुरू झाली तिचे मूळ तिथे आहे. आपल्या धर्मग्रामातल्या किती घरांत आशाताई आल्यावर ‘आमच्याकडे सगळं ठीक आहे’ म्हणून दारातूनच परत पाठवतात, हा एक वेगळाच विषय आहे.

आपल्या अमरावती जिल्ह्याचा मेळघाट तर या प्रश्नाचे घरच. १९९३ पासून तिथल्या बालमृत्यूंचा विषय वर्तमानपत्रांत आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयात वारंवार येत राहिला. मृत्यू कुपोषणाने की आजाराने, यावर कागदोपत्री वादही पुष्कळ झाले. बैरागडला राहून काम करणाऱ्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी हा वाद वेगळ्या प्रकारे सोडवला. मूल न्यूमोनियाने जाते, पण त्याला थंडीत अंगभर कपडा नाही. कपडा नाही कारण हाताला काम नाही. काम नाही कारण शेत पिकत नाही. म्हणून डॉक्टर असून त्यांनी औषधाबरोबर शेतीतही लक्ष घातले. २०१९ साली त्या दोघांना पद्मश्री मिळाली. कारणाच्या मागे कारण असते, आणि मधल्याच एका कारणापाशी थांबणे सोयीचे असते, एवढे त्यांच्या कामातून आम्हांला दिसते.

याच मेळघाटात बाळाचे पोट फुगले की तापलेल्या विळ्याने त्याच्या पोटावर चटके देण्याची रीत आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत चिखलदरा तालुक्यात अवघ्या २२ दिवसांच्या बाळाला असे चटके दिल्याचे उघडकीस आले. आपण शहरात बसून त्या लोकांना अडाणी म्हणतो. पण चटके देणाऱ्या म्हातारीच्या मनातही कारणाचा एक शोधच असतो. बाळ का रडते याचे उत्तर तिला हवे असते. खरे उत्तर घेऊन तिच्यापर्यंत कुणी पोहोचलेले नसते. रिकाम्या जागी काहीतरी येऊन बसतेच, कधी विळा, तर कधी आईवरचा आळ.

रेणूपर्यंत जाण्याची गोष्टही विदर्भाला नवी नाही. सिकलसेल हा शब्द आता गावोगावी माहीत आहे. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली मध्य भारतात हा दोष असल्याचे ‘लॅन्सेट’मधूनच जगापुढे मांडले. त्याआधी १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दाखवून दिले होते की हा आजार एका रेणूचा, रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आहे. हिमोग्लोबिनच्या लांबच लांब साखळीतला एकच मणी बदललेला असतो. तेवढ्याने तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, पाणथरी म्हणजे प्लीहा लवकरच निकामी होते आणि साध्या जंतूशी लढण्याची बाळाची ताकद जाते. सकाळी ताप आलेले मूल संध्याकाळपर्यंत हातचे जाते. घरच्यांना ते एका दिवसात, अचानक गेल्यासारखेच दिसते. किती आयांनी या एका मण्यासाठी आयुष्यभर बोल सोसले असतील! १९८६ मध्ये अमेरिकेत असे सिद्ध झाले की सिकलसेल असलेल्या लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिले तर हे जीवघेणे संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतात. औषध स्वस्त, जुने, कुठेही मिळणारे. मात्र ते द्यायचे कुणाला हे कळण्यासाठी जन्मल्यावर बाळाच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब घ्यावा लागतो.

हा आजार होण्यासाठी बदललेला मणी आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून यावा लागतो. ओसरीवर मात्र बोट एकीकडेच दाखवले जाते.

आता त्या मृत्यूंकडे येऊ ज्यांचे कारण सगळा तपास करूनही मिळत नव्हते. बॉस्टनच्या डॉ. हॅना किनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बाळांच्या मेंदूचा बुडाचा भाग तपासला, जिथून श्वास आणि हृदयाचे ठोके चालवले जातात. २०१० साली त्यांनी प्रसिद्ध केले की या बाळांच्या त्या भागात सेरोटोनिन नावाचा रेणू सुमारे २६ टक्क्यांनी कमी होता. झोपेत तोंडावर पांघरूण आले, श्वास कोंडला, तर निरोगी बाळ दचकून जागे होते, मान हलवते, रडते. हे बाळ जागे होत नाही. म्हणजे दोष बाळात आतूनच असतो, तो डोळ्यांना दिसत नाही, आणि दोन ते चार महिन्यांच्या नाजूक काळात बाहेरून जरासे निमित्त मिळाले की घात होतो. किनी यांनी हा विचार १९९४ मध्येच मांडला होता. अशा एकाही मृत्यूला ‘आईने असे केले म्हणून’ एवढे एकच कारण पुरत नाही, हे त्यातून उघड होते.

अर्थात बाहेरचे निमित्त टाळणे आपल्या हातात असते, आणि त्यासाठी रेणू सापडेपर्यंत थांबावे लागत नाही. पाश्चात्त्य देशांत कित्येक वर्षे डॉक्टरच बाळाला पालथे झोपवायला सांगत. आकडे तपासल्यावर धोका लक्षात आला, १९९१ मध्ये ब्रिटनने आणि १९९४ मध्ये अमेरिकेने बाळाला उताणे झोपवण्याची मोहीम काढली आणि हे मृत्यू काही वर्षांतच निम्म्याखाली आले. आपल्या आज्या पाळण्यात बाळाला उताणेच निजवत आल्या, हे बरेच झाले. पण मऊ गादी, डोक्याशी उशी, थंडीत तोंडापर्यंत ओढलेली गोधडी आणि त्याच खोलीत कुणाची तरी पेटलेली विडी, हे सगळे आपल्या घरांत आहे. तेवढे तरी आज घरी जाऊन बघावे.

दुसरा शोध हृदयाचा. इटलीत डॉ. पीटर श्वार्ट्झ यांनी ३३ हजारांहून अधिक नवजात बाळांचे ईसीजी काढून त्यांच्यावर वर्षभर लक्ष ठेवले. त्यांपैकी २४ बाळे अशी अचानक गेली, आणि त्यांतल्या १२ जणांच्या पहिल्या आठवड्यातल्या ईसीजीतच ठोक्यांमधला एक काळ लांबलेला होता. हे १९९८ साली प्रसिद्ध झाले.

या शोधाचे मोल काय, ते कॅथलीन फोल्बिग या ऑस्ट्रेलियन आईला विचारावे. १९८९ ते १९९९ या दहा वर्षांत तिची चार मुले एकामागून एक गेली. चार मुले एकाच घरात आपोआप कशी जातील, असे म्हणून २००३ मध्ये न्यायालयाने तिला दोषी ठरवले. पुरावा म्हणून तिच्या डायऱ्या वाचल्या गेल्या. त्यांत ती स्वतःलाच दोष देत होती. लेकरू गमावलेली कोणती आई स्वतःला दोष देत नाही? पण त्या ओळी कबुलीजबाब म्हणून वाचल्या गेल्या. पुढे प्राध्यापक कॅरोला विनुएसा आणि इतर शास्त्रज्ञांनी तिच्या दोन मुलींच्या जनुकांत कॅल्मोड्युलिन या प्रथिनाचा बदल शोधला. हे प्रथिन हृदयाची लय सांभाळते. त्यातल्या ११४ व्या जागचा एक घटक बदलला होता. हाच बदल आईतही होता. २०२३ च्या जूनमध्ये तिला माफी मिळून ती तुरुंगाबाहेर आली आणि त्याच वर्षी डिसेंबरात शिक्षा रद्द झाली. वीस वर्षे गेली होती. मुलींच्या तपासणीसाठी जुने नमुने जपून ठेवलेले होते, म्हणून हे शक्य झाले.

आमच्या मते या हकिकतीत आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. कारण शोधणे ही नुसती शास्त्राची हौस नाही. जिच्याविरुद्ध सगळे जग बोलते तिच्या बाजूने साक्ष देण्याचे ते काम आहे. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपल्याला पाठ आहे. पण ओसरीवर बसून अंदाजाने आईला दोष देणे ही खोटी साक्षच, हे आपण क्वचितच लक्षात घेतो.

तरीही मनात येणाऱ्या शंका खोट्या नाहीत. पहिली, एवढ्याशा जिवाची चिरफाड कशी करू द्यायची? हे दुःख बुद्धीने निवत नाही. ज्या आईबापांनी नकार दिला त्यांना दूषण देण्याचा अधिकार कुणालाही नाही. मात्र ‘आपला धर्म परवानगी देत नाही’ असे जे सांगितले जाते ते बरोबर नाही. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २३०१ व्या परिच्छेदात, न्यायालयीन चौकशीसाठी किंवा शास्त्रीय संशोधनासाठी शवविच्छेदन नैतिकदृष्ट्या करता येते, असे म्हटले आहे. देहाचा मान राखला पाहिजे, हे ओघाने आलेच. आता तर संपूर्ण शवविच्छेदनाऐवजी सुईने थोड्या पेशी घेऊन तपासण्याची पद्धतही निघाली आहे. आफ्रिकेतल्या काही देशांत आणि बांगलादेशात ती वापरली जाते. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयातही तिच्यावर काम झाले आहे.

दुसरी शंका अधिक खोल आहे. ज्या ज्ञानाने बाळ वाचते त्याच ज्ञानाने ते जन्माआधी नाकारलेही जाते. सिकलसेलचा रिपोर्ट पेनिसिलिन सुरू करण्यासाठी वापरायचा की गर्भ पाडण्यासाठी, हे रेणू ठरवत नाही, माणूस ठरवतो. सिकलसेलच्या कार्डावरून मुलीचे लग्न मोडल्याच्या गोष्टी आपण ऐकतो. पूर्वी पांढरे पाय म्हणत, आता दूषित रक्त म्हणतील. या भीतीमुळे शोध थांबवावा असे आम्हांला वाटत नाही. पण शोध लागला म्हणजे आळ घेण्याची खोड जाते असेही नाही.

आणि शास्त्रालाही घाई होते. २०२२ साली सिडनीच्या डॉ. कार्मेल हॅरिंग्टन यांनी जन्मानंतर घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून दाखवले की अचानक गेलेल्या बाळांत एका विशिष्ट विकराचे काम कमी होते. हॅरिंग्टन यांनी स्वतःचे बाळ असेच गमावले होते आणि त्यानंतर त्या या शोधाला लागल्या. जगभर बातम्या आल्या की कारण सापडले. प्रत्यक्षात अभ्यास लहान होता आणि आजही त्यावरून कोणत्याही बाळाचे भविष्य सांगता येत नाही.

मग रेणू सापडला तरी ‘माझेच बाळ का?’ याचे उत्तर मिळते काय? नाही मिळत. हा प्रश्न योबाच्या ग्रंथापासून आहे आणि प्रयोगशाळेत तो सुटणार नाही. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांविषयी मात्र एक गोष्ट सांगायला हवी, कारण त्या काळजीने कित्येक आया रात्र रात्र जागल्या आहेत. २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान मंडळाच्या निवेदनात, अशा बाळांच्या तारणाची आशा धरण्यास भक्कम आधार आहे, असे म्हटले आहे. आईबापांचा बाप्तिस्मा देण्याचा विचार होता, पण त्याआधीच बाळ गेले, तर महागुरुस्वामींच्या परवानगीने त्याला ख्रिस्ती अंत्यविधीही मिळू शकतो. हे घरच्यांना कुणीतरी त्याच दिवशी सांगावे.

राहिला व्यवहार. अशा घरात मागे भावंडे असतात, पुढे आणखी मूल होण्याची आशा असते. २०१४ पासून सरकारी नियमाप्रमाणे बालमृत्यूची चौकशी होते. आशाताई किंवा नर्सबाई कागद घेऊन आल्या तर त्यांना बसायला सांगावे आणि जे आठवते ते सगळे सांगावे. सिकलसेलची तपासणी अमरावतीच्या डफरीनला किंवा अकोल्याच्या लेडी हार्डिंगला विचारावी. २०२३ पासून देशभर त्याची मोहीम चालू आहे. आणि बाळ अचानक, काही कारण नसताना गेले असेल, घरात पूर्वी कुणी तरुण माणूस असेच एकाएकी गेले असेल, कुणाला धावताना किंवा दचकल्यावर भोवळ येत असेल, तर आईबापांनी आणि मागे राहिलेल्या भावंडांनी एकदा ईसीजी काढून हृदयाच्या डॉक्टरांना दाखवावा. दहा मिनिटे लागतात. ठोक्यांमधला काळ लांबलेला निघाला तर बहुतेकांना रोजची एक गोळी पुरते. वडिलांनीही काढावा, बहुधा एकट्या आईलाच पाठवले जाते.